‘करमत नाही’ हे कोणत्या रकान्यात लिहायचे? वृद्धांच्या नैराश्यावर संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी काही अनुभव

माझ्या एमडीच्या प्रबंधातली सर्वांत मोठी चूक त्याच्या आराखड्यातल्या एका ओळीत होती. अभ्यासात कोणाला घ्यायचे नाही याची यादी करताना, आधीच्या चार प्रबंधांत होते म्हणून, मीही लिहून टाकले होते की ज्यांच्याशी संवाद साधण्यात अडचण येते अशा व्यक्ती वगळण्यात येतील. ही ओळ वाचून कोणालाच त्यात वावगे वाटले नाही आणि मला तर ती सोयीची वाटली, कारण एका मुलाखतीला पाऊण तास लागत होता आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांना दीड तास देणे माझ्या वेळापत्रकात बसत नव्हते.

सोलापुरात या ओळीचा अर्थ काय होतो, ते मला त्याच वर्षी कळले. पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात जवळजवळ चाळीस वर्षे चादरी विणलेले एक आजोबा मुलाबरोबर ओपीडीत आले होते. वय सत्तरीच्या पुढे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, नजर जमिनीवर. मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मात्र सारखी एकमेकांवर फिरत होती, तुटलेला धागा सांधताना फिरावीत तशी. मुलगा म्हणाला, “मॅडम, मागाच्या आवाजानं कान गेलेत त्यांचे. बोलत नाहीत, जेवण जाईना झालंय, झोप नाही. आता वय झालं की ओ.” मी माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘वगळले’ असे लिहिले, झोपेची गोळी दिली आणि पुढचा रुग्ण बोलावला. चार महिन्यांनी ते परत आले तेव्हा त्यांना दोन माणसांनी धरून आणले होते.

त्यांना दाखल केल्यावर कान-नाक-घसा विभागातल्या मैत्रिणीकडून मी एक छोटे ध्वनिवर्धक यंत्र आणले. त्याचा हेडफोन आजोबांच्या कानांवर चढवला आणि माईक माझ्या तोंडाशी धरून सावकाश विचारले, “आजोबा, कसं वाटतंय?” ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “माग बंद झाला, तवापासून करमंना झालंय.” ज्या आवाजाने त्यांचे कान नेले, त्याच आवाजाशिवाय त्यांना करमत नव्हते. त्यांना तीव्र स्वरूपाचे नैराश्य होते, उपचारांनी ते बरे झाले आणि पुढे कित्येक वर्षे तपासणीसाठी येत राहिले. पण त्या रात्री मी वगळलेल्यांची वही काढून पाहिली, तेव्हा तिच्यात मागावर काम केलेल्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी मोठी होती. सोलापूरच्या वृद्धांचा अभ्यास म्हणून मी जो अभ्यास करत होते, त्यातून सोलापूरचे विणकरच गळले होते, आणि ऐकू न येणे हे स्वतःच नैराश्याचा धोका वाढवणारे कारण असल्यामुळे ज्यांना शोधायचे त्यांनाच मी दाराबाहेर ठेवले होते.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना मी ही गोष्ट सर्वांत आधी सांगते. वृद्धांच्या नैराश्याच्या संशोधनात आकडेमोड पुढे केव्हाही शिकता येते. कोणाला विचारायचे, कोणत्या शब्दांत विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत किती थांबायचे, हे आधी जमावे लागते.

शिक्षणाचा रस्ता थोडक्यात सांगते. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, त्यानंतर नीट-पीजी या प्रवेश परीक्षेतून मनोविकारशास्त्रातले तीन वर्षांचे एमडी आणि पुढे हवे असल्यास वृद्धांच्या मानसिक आरोग्यातले तीन वर्षांचे डीएम, असा हा मार्ग आहे. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग २००५ पासून आहे आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतही हे डीएम करता येते. मात्र देशभर जागा फार थोड्या आहेत, त्यामुळे डीएम मिळाले नाही म्हणून या विषयाची वाट सोडू नये. मी स्वतः डीएम केलेले नाही. एमडीनंतर आठवड्यातला एक दिवस फक्त साठीपुढच्या रुग्णांसाठी राखून ठेवला आणि तो दिवस वर्षानुवर्षे मोडला नाही, यातूनच माझे बहुतेक शिक्षण झाले. जे अजून एमबीबीएसला आहेत त्यांनी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजनेसाठी अर्ज करावा. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प असतो, पण आराखडा लिहिणे, एथिक्स कमिटीपुढे उभे राहणे आणि वेळेत अहवाल देणे या तिन्ही गोष्टी त्यात होतात.

आता प्रश्नांविषयी, कारण माझ्या कामाचा गाभा तिथे आहे.

वृद्धांसाठी म्हणून मुद्दाम तयार केलेली सर्वांत प्रसिद्ध प्रश्नावली म्हणजे जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल. जेरोम येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८२-८३ च्या सुमारास अमेरिकेत तयार केली. मूळ प्रश्न ३० होते, १९८६ मध्ये १५ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. उत्तरे फक्त हो किंवा नाही अशी द्यायची असतात, ही वृद्धांसाठी मोठी सोय आहे. या प्रश्नावलीत झोप, भूक, वजन यांविषयीचे शारीरिक प्रश्न जाणीवपूर्वक टाळलेले आहेत. सत्तरीच्या माणसाची झोप गुडघेदुखीने मोडते आणि वजन मधुमेहानेही उतरते, मग त्यावरून नैराश्य कसे ठरवायचे, हा त्यामागचा विचार आहे आणि तो पटण्यासारखा आहे.

अडचण अशी की आपल्याकडची बहुतेक म्हातारी माणसे मनाचे दुःख शरीराच्याच भाषेत सांगतात. “उदास वाटतं का?” असे विचारले तर उत्तर ‘नाही’ असे येते, आणि त्याच आजी पुढच्या श्वासात सांगतात की अंगात जीव नाही, छातीत धडधडतं, अन्न गोड लागत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. ‘करमत नाही’ हा शब्द तर मी हजारो वेळा ऐकला असेन. त्यात एकटेपणा आहे, रस नसणे आहे आणि जे होते ते आता नाही याची बोच आहे. कोणत्याही परदेशी प्रश्नावलीत त्याच्यासाठी रकाना नाही. सुरुवातीला मी तो शब्द ऐकून पुढे जात असे, कारण मला हो किंवा नाही लिहायचे असे. आता आमच्या मुलाखतीत तो शब्द आला की थांबायचे आणि “कधीपासून?” एवढेच विचारायचे, असा नियम आहे. पुढची दहा मिनिटे बहुधा त्या एका प्रश्नाच्या उत्तरातच जातात.

भाषांतराचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. प्रश्नावली मराठीत आणायची, दुसऱ्या व्यक्तीने ती मूळ न पाहता परत इंग्रजीत न्यायची आणि दोन्ही ताडून पाहायच्या, ही पद्धत सर्वमान्य आहे आणि ती पाळलीच पाहिजे. पण कागदावर अचूक असलेले भाषांतरसुद्धा घरात गेल्यावर फसते. बाहेर जाऊन नवीन काही करण्यापेक्षा घरीच राहणे तुम्हाला बरे वाटते का, अशा आशयाचा एक प्रश्न त्या प्रश्नावलीत आहे आणि ‘हो’ म्हटले की नैराश्याच्या बाजूने एक गुण पडतो. मे महिन्यात, ४२-४३ अंश उन्हात, दुपारी बारा वाजता हा प्रश्न मी पासष्ट वर्षांच्या एका विडी कामगार मावशींना विचारला होता. समोर सुपात पाने आणि तंबाखू, हात विड्या वळत होते आणि हजाराचा आकडा गाठायचा होता. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “घरी नाहीतर कुठं जाऊ बाई?” मी प्रामाणिकपणे एक गुण लिहिला. त्या मावशींना नैराश्य नव्हते, काम होते. जिवंत असणे किती छान आहे असे वाटते का, या अर्थाच्या प्रश्नाला तर आमचे बहुतेक वृद्ध हसतात आणि “देवानं ठेवलंय तसं राहायचं” असे म्हणतात. हे उत्तर समाधानाचेही असू शकते आणि हताशेचेही. ते कोणत्या सुरात आले हे लिहून ठेवले नाही तर दोन्ही एकाच खान्यात जातात.

सोलापुरात भाषेचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूच्या कुटुंबांत कन्नड आणि काही मोहल्ल्यांत दखनी बोलली जाते. माणूस बाजारात मराठी उत्तम बोलतो, म्हणून त्याचे दुःखही मराठीत बाहेर येईल असे धरून चालू नये. नातीला दुभाषी म्हणून बसवले तर आजी तिच्यासमोर सुनेविषयी एक शब्द बोलणार नाहीत. या कामासाठी घराबाहेरची, पण त्याच भाषेची व्यक्ती तयार करावी लागते आणि तिच्या प्रशिक्षणाचा खर्च अर्थसंकल्पात पहिल्यापासून धरावा लागतो. मी तो दोनदा विसरले आहे.

निदानातल्या चुका टाळण्यासाठी एक साधी सवय नवागतांना लावून घ्यायला सांगते. प्रत्येक वृद्धाला घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगावे आणि ती पिशवी टेबलावर ओतावी. त्यातून वर्षानुवर्षे चाललेल्या झोपेच्या गोळ्या निघतात, कोणीतरी गुडघ्यांसाठी दिलेले स्टेरॉइड निघते, रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी निघते. थायरॉइड आणि बी-१२ यांची तपासणी झालेली नसेल तर नैराश्याचा शिक्का मारण्याची घाई करू नये. नैराश्याची औषधे सुरू करताना मात्रा कमी ठेवून सावकाश वाढवावी, हे पुस्तकात असतेच. पण या औषधांनी वृद्धांच्या रक्तातले सोडियम उतरू शकते आणि पहिल्या काही आठवड्यांत ते तपासायला हवे, हे घाईच्या ओपीडीत निसटते. सोडियम उतरलेला माणूस गोंधळतो, पडतो, आणि घरचे म्हणतात की गोळ्यांनी डोके फिरले. त्यानंतर ते कुटुंब परत येत नाही.

स्मरणशक्तीचा प्रश्न असाच नाजूक आहे. नैराश्यात विचार मंदावतात, लक्ष लागत नाही आणि माणूस चाचणी सुरू होण्याआधीच “मला काही आठवत नाही, विचारू नका” असे म्हणून हात टेकतो. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला बरेच जण उलट वागतात. चुकले तरी झाकून नेतात, विषय बदलतात. हा फरक उपयोगी आहे, मात्र एका भेटीवर त्याचा निकाल लावू नये. उतारवयात प्रथमच आलेले नैराश्य कधी कधी पुढे येणाऱ्या स्मृतिभ्रंशाची चाहूल असते. १९९७ मध्ये जॉर्ज अलेक्सोपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आजाराशी जोडलेल्या नैराश्याची कल्पना मांडली. आमच्याकडे रक्तदाब आणि मधुमेह अंगावर काढलेले जे वृद्ध येतात, ज्यांची चाल मंद, बोलणे मोजके आणि औषधाला प्रतिसाद धिमा असतो, त्यांना पाहताना ती कल्पना मला रोज आठवते.

म्हणूनच या विषयात एकदा मुलाखत घेऊन प्रबंध बांधण्यापेक्षा त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाण्याला मोल आहे. म्हातारपणाचे सगळे मानसिक आजार म्हणजे मेंदू झिजणे, असे मानले जाण्याच्या काळात मार्टिन रॉथ यांनी १९५५ साली इंग्लंडमध्ये दाखल वृद्ध रुग्णांचे पुढे काय झाले हे पाहिले आणि नैराश्याचे रुग्ण व स्मृतिभ्रंशाचे रुग्ण यांची वाट वेगळी असल्याचे दाखवून दिले. भारतात मदुराईला ए. वेंकोबा राव यांनी वृद्धांच्या नैराश्याचा अभ्यास अशा काळात केला जेव्हा या विषयाला कोणी वाली नव्हता. या दोघांचे जुने लेख मिळवून जरूर वाचावेत.

पुन्हा जाणे मात्र सोपे नाही. सोलापुरातली तरुण मुले पुण्याला गेली आहेत. आई-वडील सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे असतात, नातवंड झाले की आजी हुतात्मा एक्स्प्रेसने जाते ती वर्षभर येत नाही. माझ्या पहिल्या पाठपुराव्यात हरवलेल्या सहभागींपैकी बरेच जण हडपसर किंवा पिंपरीत सुखरूप होते. माझ्याजवळ फक्त एकच फोन नंबर होता आणि तो मुलाने बदललेला होता. आता आम्ही मुलाचा, मुलीचा आणि शेजाऱ्याचा असे तीन नंबर संमती घेऊन लिहून ठेवतो. मुलीचा नंबर बहुधा शेवटपर्यंत चालू राहतो. भेटीचा महिनाही नोंदवावा. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पाहुण्यांनी घर भरलेले असते; तेव्हा घेतलेली मुलाखत आणि मे महिन्यात रात्रभर तळमळलेल्या माणसाची मुलाखत यांची तुलना करताना ऋतूचा विचार केलाच पाहिजे.

आकडेवारीतली एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करावी. समजा हजार वृद्धांपैकी शंभरांना खरोखर नैराश्य आहे आणि तुमची प्रश्नावली आजारी माणसांपैकी ८० टक्के ओळखते व निरोगी माणसांपैकी ८० टक्क्यांना बरोबर बाजूला काढते. मग तिच्यात २६० जण ‘नैराश्यग्रस्त’ निघतील आणि त्यांतले फक्त ८० खरे असतील. म्हणजे तिघांमागे एकसुद्धा पुरता नाही. प्रश्नावलीच्या अशा चाळणीतून आलेला आकडा म्हणजे आजाराचे प्रमाण असे लिहिलेले प्रबंध मी आजही तपासते. चाळणीनंतर प्रशिक्षित माणसाने प्रत्यक्ष मुलाखत घेऊन निदान करण्याला पर्याय नाही. देशपातळीवरचा भरवशाचा आकडा हवा असेल तर मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या ‘लासी’ या वृद्धत्वाविषयीच्या पाहणीकडे जावे. ४५ वर्षांवरील लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जण तिच्यात आहेत. साठीपुढच्या लोकांत प्रमाणित प्रश्नांवरून नैराश्याचे प्रमाण आठ टक्क्यांच्या थोडे वर दिसले, पण आपल्याला नैराश्याचे निदान झाले आहे असे सांगणारे एक टक्कासुद्धा नव्हते. या दोन आकड्यांमधले अंतर हेच आपल्या क्षेत्रातले सर्वांत मोठे काम आहे असे मी मानते.

ते अंतर केवळ मनोविकारतज्ज्ञ वाढवून भरणार नाही. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इम्पॅक्ट’ अभ्यासात साठीपुढच्या १,८०१ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना नेहमीच्याच दवाखान्यात, प्रशिक्षित समन्वयकाच्या मदतीने उपचार दिले गेले आणि त्यांना नेहमीच्या पद्धतीपेक्षा स्पष्ट फायदा झाला. आपल्या शेजारी गोव्यात अमित डायस आणि सहकाऱ्यांनी त्याहून पुढचा प्रश्न विचारला: सौम्य लक्षणे असलेल्या वृद्धांना पूर्ण आजार होण्याआधीच रोखता येईल का? १८१ वृद्धांच्या या अभ्यासात साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी रोजच्या अडचणी सोडवण्याची पद्धत शिकवली, झोपेच्या सवयी सुधारल्या, गरज तिथे सरकारी मदत मिळवून दिली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात नैराश्याचा पूर्ण आजार होण्याचे प्रमाण मदत मिळालेल्यांत सुमारे ४ टक्के आणि इतरांत सुमारे १४ टक्के होते. हा लेख मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला देते, कारण हेच काम आपल्या आशाताईंना बरोबर घेऊन करता येईल का, हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यासाठी अजून खुला आहे.

नैतिकतेच्या बाबतीत नियमांच्या पुढचे दोन शब्द. लिहिता-वाचता न येणाऱ्या सहभागीचा अंगठा घेताना निष्पक्ष साक्षीदार लागतो, हे फॉर्मवरच असते. पण “सूनबाई, जरा चहा ठेवता का?” असे म्हणून घरातल्यांना दहा मिनिटे आत पाठवणे आणि त्या वेळात महत्त्वाचे प्रश्न विचारणे, हे फॉर्मवर नसते. जगणे नकोसे होते का, हा प्रश्न विचारायला नवीन माणूस कचरतो. आपण विचारल्याने तो विचार मनात येईल अशी त्याला भीती वाटते. विचारल्याने तसे होत नाही. बहुतेकांना कोणीतरी विचारले याचे हलके वाटते. मात्र उत्तर ‘हो’ आले तर त्याच दिवशी काय करायचे, कोणाला फोन करायचा, कुटुंबातल्या कोणाला सांगायचे, हे पहिल्या मुलाखतीच्या आधी कागदावर ठरलेले हवे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा १४५६७ हे दोन्ही क्रमांक आमच्या प्रत्येक मुलाखतकाराच्या वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत चिकटवलेले असतात आणि निघताना ते घरी लिहूनही दिले जातात.

माझ्याकडे प्रबंधासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याला मी पहिले दोन आठवडे प्रश्नावली देत नाही. सकाळी साडेआठला केसपेपरच्या रांगेशेजारच्या बाकावर, पांढरा कोट न घालता, आजी-आजोबांच्या मध्ये बसायला सांगते आणि त्यांनी स्वतःच्या प्रकृतीविषयी वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून आणायला सांगते. गेल्या वर्षी एका मुलीने आणलेल्या वहीत पहिल्याच पानावर तीन भाषांतले शब्द होते आणि त्यांच्या खाली तिने पेन्सिलने प्रश्न लिहिला होता: बाकाच्या टोकाला बसलेल्या आजोबांनी काहीच सांगितले नाही, त्यांना ऐकू येत नसावे, तर त्यांचे नाव लिहू का? मी तिला कपाटातले ते ध्वनिवर्धक यंत्र काढून दिले.